सत्तर की एकशे सदतीस? शिलाई कारखान्यातल्या अर्ध्या दिवसाच्या कामगाराचा आजारपणाचा लाभ

अक्का माझ्याकडे आली ती १५ मार्च २०२४ ला, शुक्रवारी, कारखाना सुटल्यावर परस्पर. टायफॉईडमधून उठून चारच दिवस झाले होते. चेहरा उतरलेला, आवाज बसलेला. हातात विमा दवाखान्याचे दाखले, बँकेचं पासबुक आणि ईएसआयचं (राज्य कामगार विम्याचं) कार्ड असलेली प्लास्टिकची पिशवी. ईएसआयच्या शाखा कार्यालयात तिला सांगितलं होतं की दिवस भरत नाहीत, त्यामुळे आजारपणाचे पैसे मिळणार नाहीत.

"कापताना बरं दर महिन्याला कापलेत की वो ताई. तवा नाही म्हणले कुणी, हिचे दिवस भरत नाहीत म्हणून."

तिचं खरं नाव इथे देत नाही. कारखान्यात सगळे तिला अक्काच म्हणतात. सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला शाळेचे गणवेश शिवणारा कारखाना, तीसेक मशीन. अक्का तिथे २०२१ पासून आहे. सकाळी नऊ ते दुपारी एक, सोमवार ते शनिवार, पीसवर, म्हणजे नगामागे मजुरीवर काम: कॉलर, काज, बटण, जे येईल ते. दुपारी घरी येऊन ती विड्या वळते. पूर्व भागातल्या अनेक घरांत बायांचा दिवस असाच दोन कामांत वाटलेला असतो. तिला अर्धा दिवस हवा होता, कारण घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मालकालाही तो चालत होता, कारण सकाळच्या मशीनवर दुपारी दुसरी बाई बसते.

मी लहान कारखान्यांची पीएफ आणि ईएसआयची कामं बघते. हा कारखाना माझ्याकडे नाही. पण अक्काच्या शेजारची बाई माझ्या एका गिऱ्हाईकाकडे कामाला आहे, तिनेच तिला माझ्याकडे पाठवलं. हे प्रकरण इतकं सविस्तर लिहिते आहे कारण यात कुणी पैसे खाल्ले नव्हते, कुणी वर्गणी बुडवली नव्हती, आणि तरीही एका बाईचा हक्क एका रकान्यातल्या आकड्यामुळे अडला होता. अर्धवेळ काम करणाऱ्यांच्या बाबतीत असं कुठेही घडू शकतं.

कायदा काय बघतो

आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मालकांत आहे तसाच कामगारांतही आहे. अर्धवेळ माणसाला ईएसआय लागू नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. राज्य कामगार विमा कायदा १९४८ चा. त्यात कामगाराची व्याख्या मजुरीवर नेमलेली व्यक्ती अशी आहे, तासांची किमान अट नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना आणि महिन्याची मजुरी २१,००० रुपयांपर्यंत, एवढं जुळलं की अर्ध्या दिवसाची बाईही विमेदार. अक्काच्या कारखान्याने हे बरोबर केलं होतं. तिचं नाव पहिल्या दिवसापासून नोंदवलेलं होतं, आणि हे मी मालकाच्या बाजूने मुद्दाम सांगते.

वर्गणी मजुरीच्या टक्क्यांत कापली जाते. जुलै २०१९ पासून कामगाराची ०.७५ टक्के, मालकाची ३.२५ टक्के. अक्काला अर्ध्या दिवसाचे सरासरी १९० रुपये पडत. एप्रिलमध्ये ती २२ दिवस आली, मजुरी ४,१८० रुपये, त्यावर तिची वर्गणी ३२ रुपये आणि मालकाची १३६. ही रक्कम अगदी चोख भरलेली होती.

आजारपणाचा लाभ मात्र रुपयांवर ठरत नाही, दिवसांवर ठरतो. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे वर्षाचे दोन अंशदान (म्हणजे वर्गणी) कालावधी. पहिल्यात किमान ७८ दिवसांचं अंशदान असेल तर पुढच्या जानेवारी ते जून या लाभ कालावधीत आजारपणाचे पैसे मिळतात, दुसऱ्यात असेल तर जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे अक्का फेब्रुवारी २०२४ मध्ये आजारी पडली, तर कार्यालय फेब्रुवारी किंवा जानेवारीची हजेरी बघणार नाही. ते २०२३ च्या एप्रिल ते सप्टेंबरची बघणार. आजारपण आणि त्याचा हिशोब यांत चार-पाच महिन्यांचं अंतर असतं, आणि तिथेच बहुतेक बायांचा गोंधळ होतो. "मागच्या महिन्यात तर मी रोज गेले की" असं त्या सांगतात. ते खरंच असतं, पण त्या महिन्याचा उपयोग पुढे होणार असतो.

कार्यालयाच्या नोंदीत एप्रिल ते सप्टेंबर २०२३ मध्ये अक्काचे दिवस होते ७०. आठ दिवस कमी. नोंदीत जे होतं त्यावर कार्यालयाने दिलेलं उत्तर बरोबरच होतं.

दिवाणजींची वही

सोमवारी अक्काला घेऊन कारखान्यात गेले. मालकांनी आडकाठी केली नाही, हजेरीपट आणि मजुरीचं रजिस्टर काढून दिलं. हिशोब दिवाणजी बघतात, साठीच्या पुढचे, अक्षर मोत्यासारखं. त्यांच्या हजेरीपटात अक्काच्या नावापुढे प्रत्येक दिवशी अर्ध्याची खूण होती. मी एप्रिलपासून मोजत गेले: २२, २४, २५, २३, २१, २२. बेरीज १३७.

"काका, मग ऑनलाइन सत्तर कसे गेले?"

"दोन अर्धे म्हणजे एक की वो मॅडम." त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या दृष्टीने इतकं उघड होतं की माझा प्रश्नच त्यांना कळला नाही. २२ चे ११, २४ चे १२, २५ चे साडेबारा. ऑनलाइन अर्धा घेत नाही म्हणून साडेबाराचे तेरा, साडेअकराचे बारा, साडेदहाचे अकरा. असे ७०. मालकाचं नुकसान होऊ नये आणि बाईचंही होऊ नये म्हणून अर्धा वरच धरला, हेही त्यांनी दाखवून दिलं. या माणसाच्या मनात लबाडी नव्हती. बोनस, भरपगारी रजा, पीसचा हिशोब असं सगळं तो वर्षानुवर्षं पूर्ण दिवसात बदलून करत आला होता आणि हेही त्याच सवयीने झालं.

पण ईएसआयच्या मासिक विवरणात जो रकाना असतो तो 'किती दिवसांची मजुरी दिली किंवा देय आहे' असा असतो. किती पूर्ण पाळ्या भरल्या, असा तो नाही. आणि पीसवरच्या कामगाराची रोजची सरासरी मजुरी कशी काढायची हे सांगताना नियमात पूर्ण किंवा अंशतः काम केलेले दिवस असेच शब्द आहेत. अक्का २२ दिवस आली, २२ दिवस तिला मजुरी मिळाली. त्या दिवशी ती चार तास बसली की आठ, हे तिच्या मजुरीत दिसतंच, ते दिवसांत परत कापायचं कारण नाही. अपूर्णांक आलाच तर तो वरच्या पूर्ण आकड्यात न्यावा अशी सूचना त्या विवरणाच्या पानावरच आहे. दिवाणजींनी ती पाळली होती, पण सबंध महिन्याच्या बेरजेला. खरं तर ती प्रत्येक अर्ध्या दिवसाला लावली तरी उत्तर १३७ च येतं.

मी त्यांना एवढंच विचारलं, "काका, अक्का सोमवारी आली नव्हती का?"

"आली होती की."

"मंगळवारी?"

ते बराच वेळ हजेरीपटाकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे सगळ्याच अर्ध्या बायांचं चुकलंय म्हणा."

सगळ्याच, म्हणजे अकरा जणींचं. त्यात आणखी एक गोष्ट निघाली, जी मला आधी सुचली नव्हती. ज्याची रोजची सरासरी मजुरी १७६ रुपयांपर्यंत आहे त्याच्याकडून कामगाराची वर्गणी कापायची नसते, फक्त मालकाने आपली भरायची असते, आणि दिवस मात्र पूर्ण मोजले जातात. दोन बाया धागे काढण्याचं काम करतात, त्यांना अर्ध्या दिवसाचे १५० च पडतात. दोन अर्ध्यांचा एक केल्यावर त्यांची रोजची मजुरी कागदावर ३०० झाली, आणि दर महिन्याला त्यांचे वीस-पंचवीस रुपये विनाकारण कापले गेले. रक्कम लहान आहे. पण ती त्यांची आहे.

पैसे किती

दिवस १३७ धरले तर लाभ मिळतो, पण रोजचा दर खाली येतो. हे मी अक्कापासून लपवलं नाही, आणि असं प्रकरण हाताळणाऱ्या कुणीही लपवू नये. आजारपणाचा लाभ रोजच्या सरासरी मजुरीच्या ७० टक्के असतो. सहा महिन्यांची तिची मजुरी २६,०३० रुपये. १३७ ने भागली की १९० रुपये, त्याचे ७० टक्के १३३. तीच मजुरी दिवाणजींच्या ७० ने भागली तर रोजचे जवळपास ३७२ येतात आणि लाभ २६० च्या घरात जातो. अक्काची मुलगी बारावीला आहे, तिने हा हिशोब मोबाईलवर लगेच केला आणि विचारलं, "मग सत्तरच राहू द्या आणि आठ दिवस वाढवा, तसं नाही का होत?"

होत नाही. खोटा आकडा हक्काच्या बाजूने वाकवला तरी खोटाच, आणि हजेरीपट तपासला की तो उघडा पडतो. पण मुलीच्या प्रश्नात एक खरी बोच आहे, ती मलाही लागली. चार तासांच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईला आजारपणात त्या मजुरीचे ७० टक्के मिळतात, म्हणजे १३३ रुपये. दूध, दवाखान्याला जायचं भाडं आणि सासूबाईंचं पथ्य त्यात बसत नाही. विमा तिच्या कमाईइतकाच लहान असतो.

एक दिलासा असा की लाभ पंचांगातल्या दिवसांप्रमाणे मिळतो, रविवार धरून. पहिला दाखला १२ फेब्रुवारी ते १० मार्चचा होता, २८ दिवस. त्यातले पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे, त्यांचे पैसे नसतात. उरले २६, गुणिले १३३, म्हणजे ३,४५८ रुपये.

आणि मग १९ मार्चला तिला पुन्हा ताप भरला. टायफॉईड उलटतो, आणि ती अकराव्या तारखेलाच मशीनवर जाऊन बसली होती, कारण गणवेशाचा हंगाम तोंडावर होता. या वेळी दहा दिवस, २८ मार्चपर्यंत. इथे एक नियम तिच्या बाजूने आला: आधीचं आजारपण संपल्यापासून १५ दिवसांच्या आत दुसरं सुरू झालं तर प्रतीक्षेचे दोन दिवस पुन्हा कापत नाहीत. मध्ये आठच दिवस गेले होते. म्हणून दहाही दिवसांचे, १,३३० रुपये. एकूण ४,७८८. वर्षभरात जास्तीत जास्त ९१ दिवस मिळू शकतात, त्यातले ३६ गेले.

दुसऱ्या आजारपणात ती पहिल्याच दिवशी विमा दवाखान्यात गेली. पहिल्या वेळी ती तीन दिवस गल्लीतल्या डॉक्टरकडे होती आणि चौथ्या दिवशी विमा दवाखान्यात. ते तीन दिवस दाखल्यात आलेच नाहीत. १२ फेब्रुवारी ही तारीख ताप आल्याची नाही, विमा दवाखान्यात पोचल्याची आहे. खाजगी डॉक्टरची चिठ्ठी किंवा दुसरा पुरावा मान्य करायची मुभा विमा महामंडळाला आहे, पण त्यासाठी वेगळं भांडावं लागतं. तीन दिवसांसाठी तिच्यात तेवढी ताकद नव्हती आणि मीही आग्रह धरला नाही.

विड्यांचा प्रश्न

दुसऱ्या तापात मी तिच्या घरी गेले तेव्हा कोपऱ्यात सूप होतं, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू. तिने मला सरळ विचारलं, "ताई, पडल्या पडल्या चार कट्टे वळले तर चालतंय का? बसून तर करायचंय."

मी नाही म्हणाले, आणि ते म्हणताना मला बरं वाटलं नाही. ज्या दिवशी माणूस काम करतो त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ मिळत नाही. ते काम त्याच कारखान्यातलं असायला हवं असं नाही. शिवाय लाभ घेणाऱ्याने उपचार चालू ठेवायचे, बरं होण्यात अडथळा येईल असं काही करायचं नाही, अशी अट कायद्यातच आहे. दोन कामांवर घर चालवणाऱ्या बाईला एका कामाचा विमा मिळतो आणि तो मिळवायला दुसरंही काम थांबवावं लागतं. १३३ रुपयांच्या बदल्यात तिने विड्यांचेही पैसे सोडले. हे सगळं तिला आधी समजावून सांगायला हवं होतं. नंतर कळलं असतं तर तिला फसवल्यासारखं वाटलं असतं, आणि तपासणीत निघालं असतं तर मिळालेलं परत करायची वेळ आली असती.

दुरुस्ती

दिवाणजी एकदा हळूच म्हणाले होते, अर्ध्याच दिवसाची बाई आहे, एवढे दिवस गैरहजर आहे, नाव कमी करून टाकू आणि बरी झाली की नव्याने घेऊ. आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला काढता येत नाही, आणि लाभ अडकलेला आहे तो आपल्याच चुकीने, हे मी मालकांसमोर सांगितलं. मालकांना ते पटलं. त्यांनी त्या दिवशी दिवाणजींना काही बोललं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

नवीन नाव घातलं असतं तर अक्काचं आणखी नुकसान झालं असतं की नाही हे पुढे कागदावर ठरलं असतं, पण पहिल्यांदाच विम्यात येणाऱ्याला काय सोसावं लागतं ते तिच्या जावेच्या उदाहरणावरून दिसतं. जाऊ १० जुलै २०२३ ला लागली. तिचा पहिला अंशदान कालावधी तोकडा, १० जुलै ते ३० सप्टेंबर. त्यात कामासाठी उपलब्ध दिवसांपैकी निम्मे भरले तरी चालतात, ७८ लागत नाहीत. पण लाभ कालावधी सुरू होतो नऊ महिन्यांनी, १० एप्रिल २०२४ ला. त्याआधी आजार आला तर या लाभातून हातात काही नाही. कामावर सुई बोटातून आरपार गेली तर गोष्ट वेगळी. कामावरच्या इजेला दिवसांची अटच नाही, आणि दर ९० टक्के.

मालकांच्या सहीचं पत्र तयार केलं. सहा महिन्यांच्या हजेरीपटाच्या आणि मजुरीच्या रजिस्टरच्या साक्षांकित प्रती, पीसच्या चिठ्ठ्या, आणि एका पानावर तक्ता: महिना, पाठवलेले दिवस, खरे दिवस, मजुरी. वर्गणीची रक्कम बदलत नाही, फक्त दिवस बदलतात, हे वाक्य पत्रात दोनदा घातलं. कारण दुरुस्ती म्हटलं की वर्गणी बुडवल्याचा संशय येतो. वर्गणी खरोखरच भरली नसती तरी कामगाराचा हक्क बुडू नये अशी तरतूद कायद्यात आहे, महामंडळ लाभ देऊन तो मालकाकडून वसूल करू शकतं. इथे तेवढ्या थराला जायची गरज पडली नाही. शाखा कार्यालयाने मूळ रजिस्टर मागवून बघितलं, पडताळलं, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात ४,७८८ रुपये अक्काच्या खात्यावर जमा झाले. अकराही जणींच्या नोंदी दुरुस्तीला दिल्या. धागे काढणाऱ्या दोघींचे कापलेले पैसे मालकांनी स्वतः रोख परत केले.

हे सगळं १९४८ च्या कायद्याखालचं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे, तेव्हा आजच्या प्रकरणात अर्ज करताना आज लागू असलेले नियम बघूनच करावा.

मंगळवार, गुरुवार, शनिवार

दुरुस्तीच्या कागदांत मला एक बारावी बाई सापडली. तिची नोंद बरोबर होती, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. ती मंगळवार, गुरुवार, शनिवार पूर्ण दिवस येते. आठवड्याचे चोवीस तास. अक्काही चोवीसच तास भरते, सहा सकाळी मिळून. मजुरीही जवळपास सारखी, वर्गणीही. पण सहा महिन्यांत आठवडे सव्वीस, आणि तीन गुणिले सव्वीस म्हणजे बरोबर ७८. एप्रिल ते सप्टेंबर २०२३ मध्ये शनिवार एक जास्त आला म्हणून तिचे जास्तीत जास्त ७९ होऊ शकत होते. ऑक्टोबर ते मार्चमध्ये नेमके ७८, त्यात पाडवा मंगळवारी, १४ नोव्हेंबरला. ती सुट्टी पगारी नसेल तर एकही खाडा न करता तिचे ७७ होतात. तिच्या पोराला ताप आला आणि ती एक गुरुवार घरी राहिली, की पुढचे सहा महिने तिला आजारी पडून चालत नाही.

कारखान्यात कुणाला हे माहीत नव्हतं, तिलाही नाही. मोजले तर तिचे त्या हिवाळ्यात ७६ भरले होते. ते बदलता येणार नव्हते, कारण ते खरे होते. जुलै ते डिसेंबर २०२४ ती विम्याच्या या लाभाबाहेर राहणार, हे तिला सांगावं लागलं.

मालक, दिवाणजी आणि ती बाई असे आम्ही चौघं बसलो. तिला घरची अडचण होती ती सोमवार-बुधवारची, बाकी दिवस थोडे इकडेतिकडे चालणार होते. शेवटी ठरलं ते असं: मंगळवार आणि शनिवार पूर्ण, गुरुवार आणि शुक्रवार सकाळ. तास तेवढेच, चोवीस. आठवड्याचे दिवस चार, सहा महिन्यांचे एकशे चार. दिवाणजींनी एप्रिलच्या नव्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे गुरुवारी आणि शुक्रवारी अर्ध्याची खूण केली, आणि शेवटच्या रकान्यात, जिथे ते आधी आठवड्याचे तीन लिहायचे, तिथे चार लिहिले.